हिरवा दिवा, लाल दिवा

बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकतेय. मधल्या काळात नातेवाईकांच्या ग्रुपवर एक प्रश्न निदान तीनदा येऊन गेला, "तू तिकडे नक्की करतेस तरी काय गं?" पहिल्यांदा धाकट्या मावसबहिणीने विचारला, मग ठाण्याच्या काकांनी आणि दिवाळीत आत्याने. दर वेळी मी "शेवाळावर काम करते" एवढंच सांगितलं. शेवाळ म्हटलं की माणसं पुढे फारसं विचारत नाहीत. आत्याने मात्र "मग आमच्या गच्चीवरचं घेऊन जा की, पावसाळ्यात पाय घसरून पडायची वेळ येते" असं सुचवलं होतं :-)

चौथ्यांदा हा प्रश्न ज्याने विचारला त्याला असं तुटक उत्तर देणं शक्य नव्हतं. त्याच्याबद्दल पुढे येईलच. आधी शेवाळ.

तर मंडळी, हे शेवाळ म्हणजे खरं तर शेवाळ नाहीच. ते जीवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. शेतीच्या पुस्तकांत त्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, आणि भात लावणाऱ्याला ते नावाने नसलं तरी कामाने माहीत असतं. खाचरात साचलेल्या पाण्यावर जी हिरवट साय धरते तिच्यातले काही प्रकार हवेतला नत्र पकडून जमिनीला देतात. पी. के. डे यांनी १९३९ साली भातखाचरांच्या बाबतीत हे दाखवलं होतं. त्याहून मोठी कामगिरी म्हणजे साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठायला लागला तो यांच्याच पूर्वजांनी सोडलेला. झाडाच्या पानात हरितद्रव्याच्या ज्या बारीक पिशव्या असतात त्याही मुळात कुणीतरी गिळलेले आणि पोटात न पचता राहून गेलेले सायनोबॅक्टेरियाच. एवढं कर्तृत्व असूनही आपण त्यांना खराट्याने घासून काढतो. असो.

माझ्याकडे जो प्रकार आहे त्याचं नाव सिनेकोसिस्टिस, पुढे क्रमांक पीसीसी ६८०३. १९६८ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या गोड्या पाण्यातून तो वेगळा काढला. १९९६ साली जपानमधल्या काझुसा संस्थेच्या लोकांनी त्याचा सगळा डीएनए वाचून काढला, साधारण ३५ लाख ७० हजार अक्षरं. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सजीवांपैकी पूर्ण वाचलेला हा पहिला. एक पेशी म्हणजे जेमतेम तीन मायक्रोमीटरचा गोळा, मिलिमीटरभर रांगेत तीनशेहून जास्त मावतील. आणि मी काय करते, तर या गोळ्याच्या आतलं एक जनुक हिरव्या दिव्याने चालू करते आणि लाल दिव्याने बंद करते. झालं, एवढंच. यासाठी आईवडिलांना सोडून दक्षिण जर्मनीत येऊन राहिलेय.

जनुक "चालू" होतं म्हणजे काय, हे काकांना कळलं नव्हतं. लग्नघरातली कोठी आठवा. कोठीत सगळं भरलेलं असतं, रव्यापासून केशरापर्यंत. पण आचाऱ्याला एकदम सगळं देत नाहीत. सीमांतपूजनाच्या दिवशी काय काढायचं, लग्नाच्या दिवशी काय, हे ठरलेलं असतं, आणि किल्ली एखाद्या मावशीच्या कमरेला असते. पेशीचंही तसंच आहे. या जीवाणूत तीन हजारांवर जनुकं आहेत, सगळी कायम तिथेच असतात, पण वापर गरजेप्रमाणे. जनुक असणं वेगळं आणि ते वापरात असणं वेगळं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे चालू-बंद करायची हौस कशाला? तर ही मंडळी फक्त पाणी, थोडे क्षार, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि उजेड एवढ्यावर जगतात. त्यांच्यात बाहेरचं जनुक बसवून इंधन, प्लॅस्टिकसाठी लागणारी आम्लं, औषधातली द्रव्यं करून घ्यायचा प्रयत्न जगभर चाललाय. अडचण अशी की पहिल्या दिवसापासून कामाला जुंपलं तर ती वाढतच नाहीत. अंगी लागायचं ते सगळं आपल्या मालात जातं. म्हणून आधी त्यांना पोटभर वाढू द्यायचं, चंबू दाट झाला की मग बटण दाबायचं. त्या बटणाच्या मागे आम्ही आहोत.

बटणं आधीही होती, पण रसायनांची. पाण्यात तांबं किंवा निकेल टाका, अमुक जनुक चालू. पण हे आमटीत मीठ घालण्यासारखं आहे. घालता येतं, काढता येत नाही. बंद करायचं तर सगळं पाणी बदला. प्रयोगशाळेतल्या चंबूत ते जमतं, हजार लिटरच्या टाकीत नाही. दुसऱ्या जीवाणूंत सर्रास वापरलं जाणारं एक रसायन तर उजेडात टिकतच नाही, आणि आमचे जीव उजेडाशिवाय टिकत नाहीत. म्हणजे बघा! तेव्हा सरळ उजेडच बटण म्हणून वापरला तर? दिवा लावता येतो, विझवता येतो, पाण्यात काही मागे राहत नाही, आणि खर्च विजेचा.

ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. काही सायनोबॅक्टेरिया उजेडाच्या रंगाप्रमाणे आपला रंग बदलतात, हे गायदुकोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९०२ साली लिहून ठेवलंय. हिरव्या उजेडात ठेवले तर लालसर होतात, लाल उजेडात ठेवले तर निळसर हिरवे. म्हणजे समोर येणारा उजेड ज्याला जास्तीत जास्त शोषता येईल असं रंगद्रव्य करतात. ताटात जे वाढलं जाईल त्याप्रमाणे चमचा की बोटं हे ठरवायचं, तसं. यासाठी त्यांना रंग कळायला हवा. डोळा नाही, मेंदू नाही, तरी हिरवा आणि लाल वेगळे कळतात.

आमच्या सिनेकोसिस्टिसमध्ये हे कळण्याचं काम करणारं एक प्रथिन आहे, सीसीए-एस. ते पेशीच्या पटलात बसलेलं असतं. त्याच्या पोटात एक छोटा रंगीत रेणू अडकवलेला असतो. हिरवा उजेड पडला की तो रेणू किंचित वळतो, प्रथिनाचा आकार बदलतो, आणि ते आपल्या अंगावर फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवून घेतं. तो तुकडा मग सीसीए-आर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाकडे जातो. हा निरोप्या. तो डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसतो आणि पुढचं जनुक चालू होतं. लाल उजेड पडला की रेणू परत जागेवर, निरोप बंद. टोकियो विद्यापीठातल्या हिरोसे, इकेउची वगैरे मंडळींनी २००८ साली हे दाखवलं. निसर्गात हा निरोप उजेड गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या एका भागासाठी असतो. आम्ही काय करतो, त्या ठरलेल्या जागेच्या पुढे आपल्याला हवं ते जनुक जोडतो. किल्ली तीच, कोठी आपली.

त्या रंगीत रेणूबद्दल एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. तो हीमपासून तयार होतो. हीम म्हणजे आपलं रक्त ज्याने लाल दिसतं ते. आधी हीमचं कडं तुटून हिरवं बिलिव्हर्डिन होतं, त्यापासून हा निळसर रेणू. यातली पहिली पायरी आपल्या शरीरातही होते. मार लागून काळंनिळं झालेलं काही दिवसांनी हिरवट दिसायला लागतं ना, ते हेच बिलिव्हर्डिन. लहानपणी गुडघे फोडून घेतले तेव्हा कुणाला ठाऊक होतं की पुढे याच्याच चुलतभावावर पोट भरणार आहे!

२००५ साली टेक्सास आणि कॅलिफोर्नियातल्या काही विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी हा रेणू तयार करणारी सिनेकोसिस्टिसची जनुकं आणि त्याचंच एक लाल उजेड ओळखणारं प्रथिन साध्या आतड्यातल्या जीवाणूत, ई. कोलायमध्ये बसवलं. उजेड पडेल तिथे काही नाही, अंधार राहील तिथे काळा रंग. मग त्या जीवाणूंचा पातळ थर बशीत पसरून त्यावर चित्राची सावली टाकली, तर चित्र उमटलं. जिवंत फोटोचा कागद. ई. कोलायमध्ये हे त्या मानाने सोपं होतं, कारण त्याला उजेडाशी एरवी काही देणंघेणं नाही. आमच्या पठ्ठ्याचं तसं नाही, आणि माझी तीन वर्षं गेली ती इथेच.

कारण उजेड हेच त्याचं अन्न. अन्नातूनच निरोप पाठवायचा. आपल्याकडे हे अगदीच अशक्य नाही म्हणा. ताटात साबुदाण्याची खिचडी आली की एकादशी आहे हे कॅलेंडर न बघता कळतं. पण आमच्याकडे मेख अशी की लाल उजेड हे त्याचं आवडतं जेवण आणि लाल उजेड म्हणजेच "बंद" हा निरोप. हिरवा म्हणजे "चालू", पण नुसत्या हिरव्यावर तो नीट पोसला जात नाही. म्हणजे पोटभर वाढलं की काम थांबतं आणि कामाला लावलं की उपाशी राहतो. निळ्या उजेडावर पोसावं तर त्यावरही तो फारसा वाढत नाही. मग राहतं काय, तर लाल किती आणि हिरवा किती याचं प्रमाण साधायचं. अमुक लाल अधिक तमुक हिरवा, अर्ध्या दिवसाने मोजा, वहीत लिहा, परत. त्यात चंबू दाट झाला की बाहेरचे जीव आतल्यांवर सावली धरतात. बाहेरच्यांना एक निरोप, मधल्यांना दुसरा. हलवत राहायचं, बुडबुडे सोडत राहायचं. आणि कुणी म्हणेल उन्हात ठेवा की, फुकट आहे. उन्हात हिरवा आणि लाल दोन्ही आहेत, त्यामुळे ऊन म्हणजे एकाच वेळी "हो" आणि "नाही".

तरीही हे जमतं. टोकियोच्याच कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाने २०१४ साली सिनेकोसिस्टिसमध्येच हिरव्या उजेडाने जोडलेलं जनुक चालू करून दाखवलं. त्याच वर्षी त्यांनी पुढचं टोक गाठलं. जीवाणूच्या पोटात माल तयार झाला तरी तो बाहेर काढायला पेशी फोडाव्या लागतात, आणि फोडण्यात बरीच शक्ती खर्च होते. म्हणून त्यांनी जीवाणूंना मारणाऱ्या एका विषाणूची, टी-४ ची, भिंत फोडणारी जनुकं या बटणाला जोडली. हिरवा दिवा लावला की पेशी आपली आपण फुटते. हुशारी आहे यात वाद नाही. पण तो लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मला जरा कसंसंच झालं. ज्या उजेडाकडे तो जीव कोट्यवधी वर्षं तोंड करून बसलाय त्याच उजेडाने... माझे सहकारी मला यावरून हसतात.

आता चौथ्यांदा विचारणाऱ्याबद्दल.

माझा मिरजेचा मामेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. इथले नातेवाईक वाचक त्याला ओळखतात, इतरांसाठी सांगते. दादाला लहानपणापासून रात्री दिसत नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुलं जेवणं झाल्यावर अंगणात धावायचो तेव्हा तो भिंतीला हात लावून चालायचा, आणि आम्ही त्याला भित्रा म्हणायचो. पंचविशीत कडेचं दिसेनासं झालं. नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. डोळ्याच्या पडद्यावरच्या उजेड पकडणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, आधी अंधारात बघणाऱ्या, मग बाकीच्या. चाळिशीनंतर सहकारी बँकेतली नोकरी सोडली. आता त्याला खिडकी कुठे आहे एवढं कळतं.

दादा हा ब्लॉग वाचतो. म्हणजे फोनमधली बाई त्याला वाचून दाखवते. तिला तो वाचकबाई म्हणतो. वाचकबाई जोडाक्षरांवर अडखळतात, त्यामुळे "सिनेकोसिस्टिस" हा शब्द आत्ता त्याच्या घरात कसा ऐकू आला असेल याची मला कल्पना आहे. त्याच्यासाठीच या लेखात फोटो टाकलेले नाहीत. जे आहे ते सांगूनच.

दादा, रंग तुला आठवतात म्हणून सांगते. साध्या पांढऱ्या उजेडात माझा चंबू मोरपिसाच्या कडेसारखा दिसतो, हिरवा पण आतून निळा झाक मारणारा. लाल दिव्याच्या कपाटात ठेवला की तोच चंबू काळा दिसतो, कारण लाल सगळं तो गिळून टाकतो, परत काही येत नाही. हिरव्या दिव्यात कोवळ्या भाताच्या तरव्यासारखा. आपल्या मामाच्या रानात जूनमध्ये असायचा तसा.

तर दादाने फोन केला होता तो एका बातमीवरून. बातमी २०२१ची आहे, त्याला उशिरा कुणीतरी वाचून दाखवली. पॅरिसमध्ये झोझे-अलँ साहेल, बोटोंड रोस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच आजाराच्या ५८ वर्षांच्या एका माणसावर उपचार केला. चाळीस वर्षांपूर्वी निदान झालेलं, आणि दादासारखाच नुसता उजेड-अंधार कळणारा. एका शैवालातलं उजेडाने उघडणारं प्रथिन, त्याचं जनुक, निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून त्याच्या एका डोळ्यात सोडलं. पडद्यावर उजेड पकडणाऱ्या पेशी मेल्या तरी त्यांच्या मागे मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी शिल्लक असतात, त्यांना उजेड कळायला लावायचं. सोबत एक खास चष्मा, समोरचं दृश्य पिवळसर नारिंगी उजेडात बदलून डोळ्यात टाकणारा. कित्येक महिन्यांच्या सरावानंतर तो माणूस चष्मा लावून टेबलावरची वही, ग्लास अशा वस्तू कुठे आहेत ते शोधू शकला, मोजू शकला. चेहरे ओळखणं, वाचणं असलं काही नाही. पण चाळीस वर्षांनी टेबलावरचा ग्लास.

"प्रकाशाने जनुक म्हणतात ते हेच ना? तू हेच करतेस ना?" दादाने विचारलं.

मला आधी वाटलं होतं की अशा वेळी "हो, तसंच काहीसं" म्हणून पुढे जाता येतं. शब्द एकच आहे, ऑप्टोजेनेटिक्स. अनुदानाच्या अर्जात आम्हीही तो वापरतो आणि त्या पॅरिसच्या माणसाचं उदाहरण बिनदिक्कत पहिल्या परिच्छेदात टाकतो. अर्ज वाचणाऱ्याला बरं वाटतं. पण फोनवर दादा होता. म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे उजेड पडला की पेशीचं एक दार उघडतं, क्षणात, आणि वीज वाहते. बघायला तेच लागतं. माझ्याकडे उजेड पडला की निरोप जातो, जनुक चालू होतं, प्रथिन तयार व्हायला लागतं, त्याला तास लागतात. माझं बटण डोळ्यात बसवून कुणालाही दिसणार नाही. ते टाकीतल्या जीवाणूंसाठी आहे.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तुझं शेवाळ बघतं म्हणायचं."

बघतं, हे खरंच आहे. २०१६ साली इथल्याच दक्षिण जर्मनीतल्या आणि लंडनच्या संशोधकांनी दाखवलंय की सिनेकोसिस्टिसची गोल पेशी स्वतःच भिंगासारखं काम करते. एका बाजूने आलेला उजेड पलीकडच्या कडेवर एका ठिपक्यात गोळा होतो, आणि त्या ठिपक्यावरून उजेड कुठून आला हे तिला कळतं, मग ती तिकडे सरकते. तीन मायक्रोमीटरचा अख्खा डोळाच. हे मी दादाला सांगू की नको असा विचार करत होते, पण सांगितलं. त्याला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते त्याच्या अंध मित्रांच्या कट्ट्यावर सांगितलं म्हणे, आणि तिथे एका निवृत्त मास्तरांनी पंधरा मिनिटं शंका विचारल्या.

पण बोलणं तिथे संपलं नाही. डॉक्टरांनी दादाला जनुकाची तपासणी करून घ्यायला कधीपासून सांगितलंय. हा आजार एकाच जनुकामुळे होत नाही, डझनावारी वेगवेगळी जनुकं त्याला कारण असू शकतात. त्यातल्या आरपीई-६५ नावाच्या एका जनुकासाठी २०१७ साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली, पण ते फक्त त्याच जनुकाच्या दोषावर चालतं आणि पडद्यावर जिवंत पेशी पुरेशा उरलेल्या असतील तरच. पॅरिसच्या उपचाराला जनुक कोणतं याने फरक पडत नाही, पण तो अजून मोजक्या लोकांवरचा प्रयोग आहे. तेव्हा तपासणीने दादाला स्वतःला लगेच काही मिळेल असं मी म्हणणार नाही. पण निदान कशाची वाट बघायची ते कळेल. दादा टाळत होता, आणि कारण मला माहीत होतं. त्याची मुलगी पंचवीसची झाली. कागदावर "आनुवंशिक" असं छापून आलं तर स्थळं बघताना लोक काय म्हणतील.

आमच्या मामाने स्वतःच्या मामाची मुलगी केली होती. त्या काळी त्यात वेगळं काही नव्हतं, उलट घरातली मुलगी घरात म्हणून सगळ्यांना आनंदच. हे मी इथे लिहितेय ते दादाला विचारून आणि मामीलाही विचारून. मामी म्हणाली, "लिही, आता लपवून कुणाचे डोळे येणार आहेत?"

तर दादाला जे फोनवर सांगितलं ते इथेही लिहिते, कारण ग्रुपवर यावर कुजबूज झालेली मला कळलीय. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. मामा-मामी दोघांचीही नजर शेवटपर्यंत चांगली. तेव्हा बहुधा दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत होती आणि एकेक चांगली, आणि चांगलीवर काम भागत होतं. रक्ताचं नातं असल्यामुळे बिघडलेली प्रत एकाच पूर्वजाकडून दोघांकडे आली असण्याची शक्यता जास्त. दादाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. असं असेल तर दादाच्या मुलीकडे एक बिघडलेली प्रत असणारच, पण दुसरी वहिनीकडून आलेली, आणि वहिनी परक्या घरातली. कोठीत एक डबा किडका असला तरी दुसऱ्यावर स्वयंपाक होतो. मुलीला आजार होण्याचं कारण नाही. पण हे "असं असेल तर". हा आजार दुसऱ्या पद्धतींनीही उतरतो, आणि त्यात हिशोब वेगळा होतो. म्हणूनच तपासणी. लपवून ठेवलेला कागद आणि न केलेली तपासणी यात लोक फरक करत नाहीत, ते वाईटच धरून चालतात.

दादाच्या मुलीने तोपर्यंत फोन स्पीकरवर टाकलेला होता. ती मधूनच म्हणाली, "आत्या, ज्याला कागद बघून पळायचं तो पळू दे की." मला तिचं म्हणणं पटलं, पण लग्न ठरवायच्या वेळी घरात काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना दादाची भीतीही खोटी वाटणार नाही.

जाता जाता पवईत राहणाऱ्यांसाठी. तुम्ही रोज सकाळी ज्या तलावाच्या कडेने फिरता, ज्यात जलपर्णी आणि मगरी दोन्ही आहेत, त्याच तलावातून मुंबई आयआयटीच्या प्रमोद वांगीकर यांच्या गटाने एक सायनोबॅक्टेरिया वेगळा काढलाय, सिनेकोकॉकस इलाँगेटस पीसीसी ११८०१. २०१८ साली त्यावरचा लेख आला. ४१ अंश तापमानात, साध्या हवेवर, तो साधारण २.३ तासांत दुप्पट होतो. आमच्या सिनेकोसिस्टिसला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. उन्हाळ्यातल्या भारतातल्या टाक्यांसाठी असलाच काटक गडी हवा. ओकलंडच्या पाहुण्याला सांभाळत मी इथे पंखे आणि थर्मामीटर बघत बसते तेव्हा मला पवईच्या या गड्याचा हेवा वाटतो.

माझा प्रकल्प सप्टेंबरपर्यंत आहे, पुढचं अजून ठरलेलं नाही. घरचे विचारतात म्हणून हेही लिहून टाकलं. सध्याचं दुखणं गळतीचं आहे. लाल दिव्यात जनुक पूर्ण बंद व्हायला हवं, पण थोडं थोडं चालूच राहतं. जोडलेलं जनुक चमकणाऱ्या प्रथिनाचं असेल तर हरकत नाही. पण पेशी फोडणारं असेल, तर वाढायच्या आधीच निम्मे जीव फुटणार.

मागच्या आठवड्यात दादाने रक्त दिलं. रिपोर्ट यायला दोन-तीन महिने लागतील असं सांगितलंय. ते सांगायला त्याने फोन केला, आणि ते एका वाक्यात उरकून लगेच विचारलं, "तुझ्या नळाचं काय झालं? गळतोय अजून?"

म्हटलं, "गळतोय."

"मग वायसर बदलून बघ."

गंमत म्हणजे या आठवड्यात आम्ही तेच करतोय. निरोप्या डीएनएवर जिथे बसतो त्याच्या पुढचा छोटा तुकडा बदलून पाच वेगवेगळे तुकडे लावलेत. पाच चंबू लाल कपाटात आहेत, पाच हिरव्या. गुरुवारी मोजायचे आहेत.